स्कूबा टाकीचा कटकट्या व्हॉल्व्ह: दुरुस्त करावा की बदलूनच टाकावा?

तारकर्ली_खारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ॲल्युमिनियमच्या ८० घनफुटी टाक्या आहेत, ३००० पीएसआयच्या, म्हणजे २०७ बार. सगळ्यांवर साधे के-व्हॉल्व्ह, योक (रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं यंत्र, व्हॉल्व्हवर बाहेरून धरणारी चौकट) लावायचे. सीझन संपत आलाय आणि व्हॉल्व्हनी छळ मांडलाय. काहींचा नॉब दोन्ही हातांनी फिरवावा लागतो. काही पूर्ण बंद केले तरी तोंडाशी सूं सूं चालूच. दोघा-तिघांच्या नॉबच्या मुळाशी पाण्यात बुडबुड्यांची माळ लागते. आणि एकाचा नॉब नुसताच गरगर फिरतो, काही उघडत नाही, काही बंद होत नाही.

माझं मत असं की दरवर्षी किट (ओ-रिंग, वायसर, सीट यांचा दुरुस्ती संच) टाकत बसण्यापेक्षा एकदाच चांगले कन्व्हर्टिबल व्हॉल्व्ह (योक आणि डिन, म्हणजे रेग्युलेटर आट्यांनी आत फिरवून बसवायची पद्धत, दोन्ही चालणारे) बसवावेत. तीन प्रश्न:

१) किट टाकून चालेल की बदलायलाच हवेत?
२) कन्व्हर्टिबलचा खरंच फायदा आहे का, की नुसती फॅशन?
३) एकजण एम२५ आट्यांचे व्हॉल्व्ह अर्ध्या भावात देतोय. आमच्या टाकीत हाताने फिरवून पाहिला, आत जातोय. घेऊ का?

मी_फक्त_वाचतो

रुमाल टाकून ठेवतो.

आटेदार

पहिले दोन प्रश्न राहू देत. तिसऱ्याचं उत्तर: नाही. आणि तो फिरवून पाहिलेला व्हॉल्व्ह आत्ताच्या आत्ता बाहेर काढून टाकीपासून लांब ठेवा. सविस्तर लिहितो थोड्या वेळात.

ओरिंग_काका

आटेदार येईपर्यंत पहिला प्रश्न घेतो. चारही दुखणी वेगळी आहेत, सगळ्यांना एकच औषध नाही.

नॉबच्या मुळाशी बुडबुडे: वरच्या स्टेमची (नॉबच्या दांड्याची) ओ-रिंग (गोल रबरी कडं) आणि टेफ्लॉनचं वायसर गेलंय. त्यासाठी व्हॉल्व्ह बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

बंद करूनही हवा सुटते: सीट गेलं. खालच्या स्टेमच्या टोकाला प्लास्टिकची चकती असते, ती बॉडीतल्या पितळी गोल कडेवर दाबली गेली की हवा थांबते. जोर लावून बंद करायची सवय असेल तर चकतीत खोल वर्तुळ उमटतं. मग अजून जोर, मग अजून खोल. नवं सीट टाकलं की बरं होतं, पण ती पितळी कड शाबूत असेल तरच. भिंग आणि टॉर्च घेऊन बघा, मग कापसाची काडी कडेवरून गोल फिरवा. एखादा जरी धागा अडकला तरी कडेला खाच आहे. अशा बॉडीत नवं सीट चार दिवस टिकतं. कड घासून सपाट करायच्या फंदात पडू नका, तो व्हॉल्व्ह भंगारात.

नॉब जड: बहुतेक वेळा बॉनेटच्या (स्टेमला धरून ठेवणाऱ्या नटाच्या) आट्यांत सुकलेलं मीठ किंवा चेपून बाहेर आलेलं वायसर. मात्र नॉब फिरवताना डुगडुगत असेल तर टाकी आपटून स्टेम वाकलाय.

नॉब गरगर फिरतो: वरच्या स्टेमची जीभ खालच्या स्टेमच्या खाचेत बसते, ती तुटली किंवा खाच रुंद झाली. हा सगळ्यात वाईट, कारण टाकी भरलेली आहे की रिकामी हे कळायला मार्ग नाही. त्या टाकीला पाना लावू नका. ती आधी वेगळी काढा.

अजून एक. बॉडी उघडल्यावर पितळ पिवळं दिसण्याऐवजी गुलाबीसर, तांबूस दिसलं तर त्यातलं जस्त निघून गेलंय. किट वगैरे काही नको, सरळ बदला.

बुडबुडा

काका, सफाईला व्हिनेगर चालतं ना?

ओरिंग_काका

चालतं. अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर, काही मिनिटं, मग गोड्या पाण्याने भरपूर धुणं. रात्रभर भिजवून ठेवलंत तर क्रोम सुटतं आणि वर लिहिलेला गुलाबी रंग तुम्हीच आणता.

आटेदार

आता एम२५.

अमेरिकी पद्धतीच्या ८० घनफुटी टाकीच्या मानेला असतात ३/४ इंच, १४ आटे प्रति इंच (एनपीएसएम; ३/४ हे पाइपच्या मापाचं नाव, प्रत्यक्ष व्यास नव्हे). युरोपी पद्धतीत असतात एम२५×२. दिसायला सारखेच. आता आकडे बघा. ३/४ च्या व्हॉल्व्हच्या आट्यांचा बाहेरचा व्यास २६ मिमीच्या थोडा वर, दोन आट्यांमधलं अंतर १.८१ मिमी. एम२५ चा व्यास २५, अंतर २. म्हणजे एम२५ चा व्हॉल्व्ह ३/४ च्या मानेत पोकळ बसतो. हाताने आत जातो तो म्हणूनच. आट्यांची फक्त टोकं एकमेकांना धरून असतात, आणि अंतर जुळत नसल्याने तीही मोजक्याच आट्यांवर.

वर ओ-रिंग मानेवर बसली की गळतीही होत नाही. साबणाच्या पाण्यात पास, भरताना अर्ध्यापर्यंत पास, आणि मग उडतो. २५ मिमीच्या वर्तुळावर २०७ बार म्हणजे एक टनाहून थोडं जास्त बळ. या एका अदलाबदलीने जगात माणसं मेली आहेत, बहुतेक वेळा कंप्रेसरजवळ उभी असलेली.

उलटं झालं तर (३/४ चा व्हॉल्व्ह, एम२५ ची मान) तो सुरुवातीलाच अडतो, त्यामुळे धोका कमी. चुकीची जोडी सहज बसते ही या प्रकरणातली खरी गोम आहे.

बुडबुडा

पण टॉर्क पान्याने नीट आवळला तर? आवळताना कळेलच ना ढिला आहे ते.

आटेदार

नाही कळत. आवळताना तुम्हाला जो घट्टपणा लागतो तो खांदा मानेच्या तोंडावर टेकल्याचा. ॲल्युमिनियम मऊ, ते थोडं दबून साथ देतं आणि पाना छान 'टक्' करतो.

कळण्याची जागा टेकण्याच्या आधी आहे: व्हॉल्व्ह अर्धा आत असताना बाजूने हलवून बघा. बरोबर जोडीत अगदी किंचित ढिलाई असते. खडखडला तर थांबा. पण ही झाली तोंडओळख, पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे गो/नो-गो गेज (आटे बरोबर मापाचे आहेत की नाही ते दाखवणारं मापयंत्र) आणि व्हॉल्व्हच्या आट्यांजवळचा शिक्का. शिक्का नसलेला व्हॉल्व्ह फुकट मिळाला तरी घेऊ नये.

दुबई_चाकरमानी

आटेदारांना अनुमोदन. भर एवढीच, की ८० घनफुटी ॲल्युमिनियम टाकी म्हणजे ३/४ च, हे गृहीत धरू नका. त्याच आकाराच्या, त्याच कंपनीच्या एम२५ मानेच्या टाक्याही निघतात. इकडे आखातात एकाच शेडमध्ये दोन्ही शेजारी उभ्या असतात, रंगही एकच. खांद्यावरचा शिक्का वाचा. ३एएल३००० असा अमेरिकी शिक्का असेल तर बहुधा ३/४; आयएसओ किंवा ईएन शिक्क्याच्या टाकीवर आट्यांचा प्रकारही बहुतेक कोरलेला असतो. तरी गेज लावाच. आणि मोजून झाल्यावर मानेला रंगाची पट्टी मारा, म्हणजे दरवेळी अभ्यास नको.

तिसरा भाऊही आहे: ३/४ बीएसपी. आटे प्रति इंच १४ च, पण कोन ५५ अंशांचा, एनपीएसएमचा ६०. तोही चालत नाही. 'जवळपास बसतो' या शब्दांवर मानेच्या बाबतीत बंदीच घाला.

पुणेरी_कासव

'बसतोय की' हा आपला राष्ट्रीय मापदंड आहे. गॅसच्या रेग्युलेटरपासून चड्डीच्या नाडीपर्यंत.

गोंयचो_दर्या

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत उलटं आहे. ग्रँड आयलंड काय किंवा मालवण काय, गिऱ्हाइकाला द्यायचे रेग्युलेटर सगळे योकचे. कन्व्हर्टिबल व्हॉल्व्हमध्ये एक इन्सर्ट (योकसाठी तोंडात बसवायचा, काढता येणारा तुकडा) वाढतो, म्हणजे गळायला एक ओ-रिंग वाढली. वर तो इन्सर्ट मिठाने असा धरतो की दोन वर्षांनी ॲलन कीचं भोक गोल होतं पण इन्सर्ट हलत नाही. साधा चांगला के-व्हॉल्व्ह घ्या, सुटे भाग कमी, डोकेदुखी कमी.

पुणेरी_कासव

दर्याबाब, अर्धं मान्य. इन्सर्ट अडकतो तो कोणी काढत नाही म्हणून. ८ मिमीची ॲलन की (काहींना ६ ची लागते), महिन्यातून एकदा काढायचा, गोड्या पाण्याने धुवायचा, आट्यांना नावापुरतं सिलिकॉन ग्रीस, परत लावायचा. लावताना हाताने टेकवून वर जरासा ताण, बस्स. आवळून बसवणारेच पुढे रडतात. आणि हे सगळं हवा बंद आणि बाहेर काही जोडलेलं नसताना.

डिनचा फायदा फॅशनचा नाही. योकमध्ये ओ-रिंग व्हॉल्व्हच्या तोंडावर उघडी बसते (०१४ नंबरची). बोटीवर योकला धक्का लागला की ती बाहेर ढकलली जाते. डिनमध्ये ओ-रिंग रेग्युलेटरच्या टोकाला, आट्यांच्या आत कोंडलेली. बाहेर यायला वाटच नाही. स्वतःचा डिन रेग्युलेटर घेऊन येणारा पाहुणा आता वाढलाय, त्याला ॲडॅप्टर शोधायला लावण्यापेक्षा इन्सर्ट काढून दिलेला बरा.

घेताना २०० बार वर्गाचा, पाच आट्यांचा घ्या (काही कंपन्या त्यावर २३२ लिहितात). ३०० बारचा सात आट्यांचा, खोल असतो. त्यात योकचा इन्सर्ट चालत नाही आणि २०० बारची डिन भरणनळीही टेकत नाही. ३०० चा रेग्युलेटर मात्र दोन्हींत चालतो. टाकी २०७ बारची असताना ३०० चा व्हॉल्व्ह घेऊन मिरवण्यात अर्थ नाही.

गोंयचो_दर्या

महिन्यातून एकदा? भर सीझनमध्ये? बाबा, तिथे माणसं टाक्या उन्हातून सावलीत नेत नाहीत.

पुणेरी_कासव

मग के-व्हॉल्व्हही टिकणार नाहीत. देखभाल नको असेल तर फुगे विकावेत.

कंप्रेसरवाला

भांडण चालू द्या, मी बसवण्याची पद्धत लिहून मोकळा होतो. ज्याने हे शिकून घेतलेलं नाही त्याने टाकी चाचणी केंद्रात द्यावी, त्यांचं रोजचं काम आहे.

रिकामी करणं: व्हॉल्व्ह किंचित उघडून हळूहळू. भसकन सोडलीत तर टाकी गारठते आणि दमट हवेत व्हॉल्व्हवर पाणी धरतं. आवाज थांबला म्हणजे रिकामी झाली असं नाही, आतली नळी चोंदलेली असू शकते. खात्री अशी: व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून कमी दाबाची हवा आत सोडा, मग ती हवा देणारी बाहेरची नळी काढा. तीच हवा परत फुसकन बाहेर आली तर मार्ग मोकळा. नाही आली तर थांबा. वजनावर विसंबू नका; पूर्ण भरलेल्या टाकीत हवा साधारण २.७ किलो असते, पण २० बार उरले असतील तर वजनात पाव किलोचाच फरक, आणि मानेवर मात्र १०० किलोचं बळ.

धरणं: टाकी आडवी, चेन वाइस असेल तर मध्ये रबर, नाहीतर दोन लाकडी ठोकळ्यांना टाकीच्या गोलाईची खाच करून पट्ट्याने आवळा. पाइप पाना टाकीच्या अंगाला लावायचा नाही, त्याचे दात उमटले की टाकी तपासणीत नापास होऊ शकते.

सोडवणं: पाना फक्त व्हॉल्व्हच्या चपट्या बाजूंवर. नॉबला किंवा तोंडाला धरून पिळायचं नाही. पितळ आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकत्र राहिले की आट्यांत पांढरी पूड धरते, व्हॉल्व्ह रुततो. रबरी हातोडीने बाजूने हलके ठोके, मग लांब दांड्याने सावकाश ताण. गॅसची ज्योत कधीच नाही. ॲल्युमिनियम टाकीची ताकद तिच्या उष्णता प्रक्रियेत असते. ती १७७ अंश सेल्सिअसच्या वर गेली की टाकी बाद, बाहेरून कितीही चकचकीत दिसो.

आत बघणं: बारीक दिवा आत सोडून पाणी, पूड, खड्डे. दंतवैद्याच्या आरशाने मानेचे आटे. उभी चीर दिसली तर टाकी बाद.

बसवणं: मानेचे आटे नायलॉनच्या ब्रशने साफ, पूड बाहेर झटकलेली, ओ-रिंगची बैठक पुसलेली. नवी ओ-रिंग २१४ नंबरची, ९० ड्युरोमीटरची (रबराच्या कडकपणाचं माप), जराशी ओली दिसेल इतकंच ग्रीस. आट्यांना हवंच असेल तर खालच्या तीन-चार आट्यांवर ऑक्सिजनला चालणारं ग्रीस, बोटभर नव्हे. टेफ्लॉन टेप अजिबात नाही. हे समांतर आटे आहेत, सील ओ-रिंग करते. टेप फक्त जुन्या निमुळत्या आट्यांना.

सुरुवातीला अर्धा फेरा उलटा फिरवा, आटा 'टप्' करून खाली बसला की सुलटा. शेवटपर्यंत हातानेच गेला पाहिजे. मध्ये अडला तर काढा, जोर नको. टेकल्यावर टॉर्क पाना, ३/४ साठी साधारण ४० ते ५० फूट-पाऊंड (५४ ते ६८ न्यूटन-मीटर), पण तुमच्या टाकीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो खरा.

भरणं: आधी १०-१५ बार, साबणाचं पाणी मानेला, नॉबला, बर्स्ट डिस्कला (दाब फार वाढला तर आधी फुटणारी सुरक्षा-चकती). मग मिनिटाला २० ते ४० बारच्या वेगाने. भरताना व्हॉल्व्हवर वाकून उभं राहायचं नाही.

मी_फक्त_वाचतो

वाचनखूण साठवली. माझ्याकडे टाकी नाही, पोहताही येत नाही, पण आता व्हॉल्व्ह बदलता येईल.

तारकर्ली_खारा

कंप्रेसरवाले, दंडवत. एम२५ चा विषय संपला, त्या माणसाला नाही म्हणून कळवतो. दोन शंका. नव्या व्हॉल्व्हबरोबर आतली नळी (डिप ट्यूब) येतेच का? आणि बर्स्ट डिस्क जुन्या व्हॉल्व्हची नव्यात टाकता येईल?

ओरिंग_काका

डिप ट्यूब बहुतेकांबरोबर येते, पण खोक्यात सुटी असते आणि लावायची राहून जाते. साधारण बोटभर लांब. डायव्हर डोकं खाली करून उतरतो तेव्हा टाकीतली पूड आणि पाण्याचे थेंब व्हॉल्व्हच्या तोंडाशी जमतात. ही नळी त्या ढिगाच्या वर राहून स्वच्छ हवा घेते. ती नसेल तर सगळं रेग्युलेटरच्या फिल्टरमध्ये. नीट आवळली नाही तर टाकीत पडते आणि खुळखुळ्यासारखी वाजते.

बर्स्ट डिस्क जुनी कधीच नाही. ती एकदाच वापरायची असते. ३००० पीएसआयच्या टाकीची चाचणी ५००० ला होते, डिस्क ४५०० ते ५००० च्या दरम्यान फुटायला हवी. तांब्याची डिस्क, वायसर आणि प्लग हा कंपनीने दिलेला एकच संच घ्या. सारखी फुटते म्हणून दोन डिस्क एकावर एक टाकणारे महाभाग असतात. त्यांनी टाकीचा बॉम्ब केलेला असतो. युरोपी व्हॉल्व्हवर बहुधा डिस्क नसतेच, तेव्हा खरेदी करताना कोणत्या पद्धतीचा आहे ते बघा.

नाखवा

नवीन पोरांना जे-व्हॉल्व्ह माहीत आहे का? प्रेशर गेज नव्हता तेव्हाची गोष्ट. आत स्प्रिंग, टाकीत ३०० ते ५०० पीएसआय उरले की श्वास जड व्हायचा, मग पाठीमागची सळई खाली ओढली की राखीव हवा सुटायची. सळई दोरात अडकून आधीच ओढली गेली की राखीव हवा कधी संपली कळायचं नाही. आणि भरताना दांडी खाली करायला विसरलं की टाकी अर्धवट भरायची. 'बेभरवशाचा व्हॉल्व्ह' हे बिरुद त्याचं. कुणाकडे जुनी स्टीलची टाकी आणि जे-व्हॉल्व्ह असेल तर तो शोकेसमध्ये ठेवा.

बुडबुडा

अवांतर: पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्यायचा की नाही? आमच्याकडे दोन गट आहेत.

कंप्रेसरवाला

नाही. पूर्ण उघडा, तसाच ठेवा. पाव फेऱ्याच्या नादात कोणीतरी बंद व्हॉल्व्ह पाव फेरा उघडतो आणि झालं म्हणतो. बोटीवर गेज २०० दाखवतो, श्वासही येतो. २० मीटरवर हवा दाट, व्हॉल्व्हमधून पुरेशी येत नाही. ओळख सोपी: श्वास घेताना गेजचा काटा खाली झुकतो आणि सोडताना वर येतो. असं दिसलं की उतरायचं नाही. आणि बंद करताना दोन बोटांचा जोर. सीट त्यानेच वाचतात.

दुबई_चाकरमानी

मूळ विषयावर येतो. तारकर्लीकर, नवे व्हॉल्व्ह मागवण्याआधी कागदपत्रं बघा. गॅस सिलेंडर रूल्स २०१६ नुसार टाकीबरोबर तिचा व्हॉल्व्हही मान्यताप्राप्त प्रकारचा लागतो, आणि ही मान्यता देणारं सरकारी खातं (पेसो) आपल्या नागपुरातच आहे. परदेशातून बॅगेत घालून आणलेला व्हॉल्व्ह कितीही भारी असला तरी चाचणी केंद्र आणि भरणारा त्याला हात लावणार नाही, आणि बरोबरच आहे. विक्रेत्याकडून मान्यतेचा कागद मागा. नाही म्हणाला तर पुढचा विक्रेता.

दुसरं, ज्यांची हायड्रो चाचणी (पाणी भरून दाबाची चाचणी) जवळ आलीय त्यांचे व्हॉल्व्ह तेव्हाच बदला. तिथे व्हॉल्व्ह काढावाच लागतो, दोनदा मजुरी कशाला? आणि टाक्या किती जुन्या आहेत? अमेरिकी लक्सफरच्या १९८८ च्या मध्यापर्यंतच्या टाक्या ६३५१ मिश्रधातूच्या, त्यांच्या मानेत चिरा पडण्याची खोड आहे, वेगळी एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने चिरा शोधणारी) लागते. नंतरच्या ६०६१ च्या. तशी एखादी निघाली तर तिच्यावर नव्या व्हॉल्व्हचा खर्च करू नका.

तारकर्ली_खारा

टाक्या सगळ्या २०१० नंतरच्या आहेत. तर मग ठरलं ते असं: बुडबुडेवाल्यांना किट. सूं सूंवाल्यांची कड बघून निर्णय. जड नॉबवाले उघडून साफ, स्टेम वाकलेला असेल तर बाद. बाद होतील त्यांच्या जागी कन्व्हर्टिबल, पण मोजक्याच टाक्यांना. बाकी साधे के. दर्याबाब आणि कासव, दोघांचंही राखलं.

गरगर फिरणारा उरला.

ओरिंग_काका

तो जसाच्या तसा चाचणी केंद्रात. 'भरलेली असू शकते' असा कागद टाकीला चिकटवून, गाडीत आडवी, बांधून, आणि फोन करून आधी सांगून. डिस्कचा प्लग केसभर सैल करून दाब उतरवायची पद्धत आहे, पण ती त्यांनी त्यांच्या आडोशाला करायची, आपण पडवीत नाही.

गोंयचो_दर्या

इन्सर्ट अडकला की फोन कर. मी फक्त हसेन.

तारकर्ली_खारा

शेवटचं: बाद झालेले जुने व्हॉल्व्ह भंगारवाल्याला तसेच देऊ ना? पितळेला भाव बरा आहे.

आटेदार

तसेच नको. ते घासूनपुसून पुन्हा कुणाच्या तरी टाकीवर 'बसतोय की' म्हणून चढतील. आधी करवतीने आट्यांवर आडवा काप मारा, तोंडावरही एक, मग द्या. भाव वजनावर मिळतो, कापल्याने कमी होत नाही.